पाव इंचाचा फरक: लेस पॉल आणि कस्टम २४

अमेरिकेत घडलेली, वरच्या प्रतीची इलेक्ट्रिक गिटार घेण्यापर्यंत ज्या वादकाची तयारी आणि ऐपत दोन्ही पोचलेली असते, त्याच्यासमोर अखेरीस उरणाऱ्या नावांमध्ये गिब्सन कंपनीची लेस पॉल आणि पॉल रीड स्मिथ, म्हणजेच पीआरएस, या कंपनीची कस्टम २४ ही जोडी बहुधा असतेच. ही निवड अवघड ठरते, कारण कागदावर या दोन वाद्यांचे वर्णन जवळजवळ एकच आहे. दोन्हींचे अंग महोगनीचे असून त्यावर मेपलच्या लाकडाचा कोरून घुमटदार केलेला थर बसवलेला असतो. दोन्हींची मान, म्हणजे डाव्या हाताची बोटे जिच्यावर फिरतात तो लांब दांडा, ज्याला वादक नेक म्हणतात, अंगात खाच करून सरसाने चिकटवलेली असते. आणि दोन्हींवर हंबकर प्रकारचे दोन पिकअप असतात. एवढे साम्य असताना फरक शोधायचा तो लाकडात किंवा नावात नव्हे, तर मापांत आणि जोडकामात, आणि तो ओळखण्याचे काम कानापेक्षाही हाताकडे सोपवणे अधिक शहाणपणाचे आहे.

साम्याचे मूळ इतिहासात आहे. फेंडर कंपनीने १९५०मध्ये भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणल्यावर गिब्सनलाही तशा वाद्याची गरज भासली आणि १९५२मध्ये, त्या काळचे अत्यंत लोकप्रिय वादक लेस पॉल यांचे नाव देऊन, सोनेरी रंगाची गिटार विक्रीस आली. लेस पॉल यांनी स्वतः १९४०च्या सुमारास भरीव ओंडक्यावर तारा चढवून प्रयोग केले होते हे खरे, परंतु बाजारात आलेल्या वाद्याचा आराखडा मुख्यतः गिब्सनमध्ये, कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी यांच्या देखरेखीखाली तयार झाला. सुरुवातीची घोडी, म्हणजे उजव्या बाजूला तारांना आधार देणारा भाग, सदोष होती. ती पुढे बदलली गेली, आणि प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येईल अशी, मॅकार्टी यांच्याच नावावर पेटंट असलेली ट्यून-ओ-मॅटिक घोडी तिच्या जागी आली. १९५७मध्ये सेथ लव्हर या अभियंत्याने घडवलेला हंबकर पिकअप बसवण्यात आला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेची वेटोळी गुंडाळलेला भाग. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. असे एकच वेटोळे असले तर ते आजूबाजूच्या विजेच्या तारांची घरघरही पकडते, अमेरिकेत ६० आणि भारतात ५० हर्ट्झची. लव्हर यांनी दोन वेटोळी उलट दिशांनी जोडली आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवले, त्यामुळे घरघर परस्परांत वजा होते आणि तारेचा नाद मात्र जोडला जातो. या जोडणीमुळे आवाज भरदार आणि थोडा गडद होतो, आणि लेस पॉलची ओळख म्हणून जो आवाज जगाला माहीत आहे तो बऱ्याच अंशी हाच.

१९५८ ते १९६० या काळात पिवळ्या-तांबड्या छटांच्या, सनबर्स्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेस पॉल बनल्या, खपल्या नाहीत म्हणून बंद झाल्या, आणि १९६१मध्ये त्यांची जागा पातळ अंगाच्या, दोन शिंगांच्या वेगळ्या गिटारीने घेतली. पुढे १९६६मध्ये जॉन मेयॉल यांच्या गटासोबतच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी लेस पॉल वाजवल्यावर, आणि पीटर ग्रीन, जिमी पेज यांच्यासारख्यांनी ती उचलून धरल्यावर मागणी इतकी वाढली की १९६८मध्ये गिब्सनला ती पुन्हा बनवावी लागली. आज गिब्सनच्या कस्टम शॉपमधून निघणारी १९५९च्या प्रतिकृतीची गिटार ही त्या न खपलेल्या वाद्याचीच बारकाईने केलेली पुनर्निर्मिती आहे.

पॉल रीड स्मिथ यांचा प्रवास या वाद्याच्या अभ्यासातूनच झाला. मेरिलँड राज्यातील अ‍ॅनापोलिस येथे हाताने गिटारी घडवणाऱ्या या तरुण कारागिराने कार्लोस सँटाना यांच्यासारख्या वादकांना आपली वाद्ये दिली आणि १९८५मध्ये कारखाना काढला. कस्टम ही त्याची पहिली महत्त्वाची गिटार, आणि तिच्या चोवीस फ्रेटांमुळे पुढे कस्टम २४ हे नाव रूढ झाले. जुनी पेटंटे चाळताना स्मिथ यांना टेड मॅकार्टी हे नाव सापडले. गिब्सन सोडून दोन दशके झालेल्या त्या वृद्ध गृहस्थांना त्यांनी शोधून काढले, सल्लागार केले, आणि १९९४मध्ये एका गिटारीला त्यांचे नाव दिले. ज्ञान कोणाकडून घ्यायचे हे ठाऊक असणे आणि घेतल्यावर त्याचे ऋण उघडपणे मान्य करणे या दोन्ही गोष्टी कारागिरीच्या व्यवसायात दुर्मीळ आहेत, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

दोन्ही कंपन्यांमधील जवळीक अखेर न्यायालयात गेली. पीआरएसने २०००मध्ये सिंगलकट नावाची, लेस पॉलप्रमाणे एकाच बाजूला खाच असलेली गिटार आणली आणि गिब्सनने आपल्या आकाराच्या व्यापारचिन्हाचा भंग झाल्याचा दावा लावला. २००४मध्ये खालच्या न्यायालयाने उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. २००५मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो फिरवला आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे लक्ष घालण्यास नकार दिला. या खटल्यातील एक मुद्दा खरेदीदाराच्या दृष्टीने फार बोलका आहे. दुकानात, पैसे मोजण्याच्या क्षणी ग्राहक फसत नाही, हे गिब्सनलाही मान्य करावे लागले. मग धुराने भरलेल्या बारमध्ये दूर बसलेल्या श्रोत्याला मंचावरची गिटार कोणती ते कळणार नाही, असा युक्तिवाद शिल्लक राहिला आणि न्यायाधीशांना तो पटला नाही. दूरच्या श्रोत्याला खरोखरच कळणार नाही. पण गिटार विकत घेणारा माणूस ती छातीशी धरून वाजवणार असतो, आणि तिथे फरक लपत नाही.

त्या फरकांमध्ये पहिला मान तारेच्या लांबीचा आहे. नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी असलेली खाचांची पट्टी, आणि घोडी यांच्यामधील जो भाग प्रत्यक्ष थरथरतो त्याच्या लांबीला स्केल म्हणतात. गिब्सनची स्केल नाममात्र २४.७५ इंच, म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर आहे, फेंडरची २५.५ इंच; आणि पीआरएसने कस्टम २४साठी या दोहोंच्या मधली, बरोबर २५ इंचांची, म्हणजे ६३५ मिलिमीटरची लांबी निवडली. लेस पॉल आणि कस्टम २४ यांच्यात पाव इंचाचाच फरक पडतो, पण तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तीच तार त्याच स्वराला लावली तर कस्टम २४वर ताण सुमारे दोन टक्के अधिक येतो, आणि फेंडरवर सहा टक्के. दोन टक्के ऐकायला नगण्य वाटतात. परंतु रोज तासन्‌तास तार ओढणाऱ्या बोटाला ते जाणवतात. इलेक्ट्रिक गिटारीवर मींडेचे काम तार आडवी ओढून केले जाते, एका फ्रेटवर बोट दाबून तार बाजूला ढकलायची आणि स्वर हळूहळू चढवायचा, आणि हे काम लेस पॉलवर मऊ, सैलसर लागते. रागसंगीताकडे झुकलेल्या किंवा ब्लूजसारख्या, स्वर ओढून बोलता करणाऱ्या वादनात हा मऊपणा मोठी गोष्ट आहे. उलट ताण अधिक असलेली तार झटक्यांना चटकन प्रतिसाद देते, तिच्या खर्जातला आवाज अधिक रेखीव राहतो, आणि वेगाने वाजवलेल्या सुरांची कडी सुटी-सुटी ऐकू येते. कस्टम २४चा स्वभाव या बाजूचा आहे. अर्थात जाड-बारीक तारांची निवड करून हा फरक बराच कमी करता येतो, त्यामुळे दोन गिटारींची तुलना करताना दोन्हींवर एकाच जाडीच्या तारा आहेत याची खात्री आधी करून घेणे आवश्यक आहे. दुकानांत ही साधी गोष्ट क्वचितच पाहिली जाते.

दुसरा फरक फ्रेटांच्या संख्येत आहे. फ्रेट म्हणजे मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या कांड्या, सतारीतील पडद्यांचे काम करणाऱ्या. लेस पॉलला बावीस फ्रेट असतात आणि कस्टम २४ला चोवीस, म्हणजे प्रत्येक तारेवर पूर्ण दोन सप्तके. वरचे दोन फ्रेट किती वादक खरोखर वापरतात हा प्रश्न रास्त आहे, परंतु त्यांचा परिणाम न वापरणाऱ्यावरही होतो. चोविसाव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत तारेचा नेमका चौथा हिस्सा, म्हणजे सव्वा सहा इंच उरतो, तर लेस पॉलच्या बाविसाव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत जवळजवळ सात इंच. मानेकडचा पिकअप शेवटच्या फ्रेटच्या पुढेच बसवावा लागत असल्याने कस्टम २४मध्ये तो घोडीकडे सरकतो, आणि तार घोडीच्या जितकी जवळ ऐकावी तितका नाद टोकदार आणि पातळ होत जातो. लेस पॉलच्या मानेकडच्या पिकअपमधून जो गोल, घट्ट, बासरीच्या मंद्र सप्तकाजवळ जाणारा स्वर निघतो, तो कस्टम २४मधून तंतोतंत निघत नाही, आणि याचे कारण कारागिरीतील उणीव नसून ही जागा आहे. ज्याचे वादन त्याच स्वरावर उभे आहे त्याने कस्टम २४च्या बाकी सोयींकडे पाहून मन वळवू नये; पीआरएसमध्येच बावीस फ्रेटांच्या गिटारी आहेत, त्या आधी पाहाव्यात.

वरच्या फ्रेटांपर्यंत हात पोचण्याच्या बाबतीत मात्र कस्टम २४ स्पष्टपणे पुढे आहे. तिच्या अंगाला दोन्ही बाजूंनी खोल खाचा आहेत आणि मान-अंगाचा सांधा सडपातळ आहे, तर लेस पॉलला एकच खाच असून सांध्याशी लाकडाचा जाड ठोकळा हाताला अडतो.

आवाजाची नियंत्रणे दोन वेगळ्या विचारांची आहेत. लेस पॉलवर प्रत्येक पिकअपसाठी स्वतंत्र व्हॉल्यूम आणि टोन, अशा चार घुंड्या आणि तीन जागांचा एक खटका असतो. त्यामुळे मानेकडचा पिकअप साथीसाठी हळू आणि घोडीकडचा एकल वादनासाठी मोठा ठेवून खटक्याच्या एका हालचालीत दोन्हींमध्ये ये-जा करता येते. कस्टम २४वर एक व्हॉल्यूम, एक टोन आणि पाच जागांचा खटका असतो, आणि काही जागी हंबकरच्या दोन वेटोळ्यांपैकी एकच चालू राहून फेंडरच्या धर्तीचा पातळ, चमकदार आवाज मिळतो. तिच्या ८५/१५ या पिकअपचे नाव कंपनीच्या १९८५ या स्थापनावर्षावरून आणि २०१५मधील तिसाव्या वर्धापनावरून आले आहे. एकाच कार्यक्रमात चित्रपटगीते, रॉक आणि जॅझच्या ढंगाची साथ वाजवावी लागणाऱ्या वादकाला हे पाच आवाज खऱ्या उपयोगाचे आहेत.

घोडीच्या बाबतीत निवड अधिक कठोर आहे, कारण येथे दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत. लेस पॉलची घोडी स्थिर असते. कस्टम २४ची घोडी ट्रेमोलो प्रकारची, म्हणजे स्प्रिंगांच्या ताणावर तोललेली असून दांडी दाबली की ती कलते आणि सगळे स्वर एकदम उतरतात. पीआरएसची रचना दांडी सोडल्यावर स्वर जागेवर परत येण्याबद्दल योग्यच नावाजली जाते. परंतु तोललेल्या घोडीचा स्वभावच असा की एक तार ओढली की स्प्रिंगांवरचा भार वाढून बाकीच्या तारा किंचित उतरतात, त्यामुळे एक तार स्थिर ठेवून शेजारची ओढण्याचे काम बेसुरे होण्याची शक्यता राहते; आणि मैफलीत एक तार तुटली तर उरलेल्या पाचही चढतात. दुसऱ्या टोकाला स्थिती उलटी आहे. लेस पॉलच्या मधल्या तारा नटमधून निघून खुंट्यांकडे वळण घेत जातात, त्यामुळे त्या खाचेत अडकतात आणि ओढल्यावर, विशेषतः तिसरी तार, मूळ स्वरावर परत येत नाही. पीआरएसच्या डोक्याचा आकार असा बेतलेला आहे की तारा जवळजवळ सरळ जातात. शिवाय लेस पॉलचे डोके परंपरेने १७ अंशांनी मागे झुकलेले असते आणि नेमके तेथेच, मानेचा बाक जुळवणाऱ्या आतल्या लोखंडी सळईची चावी बसवण्यासाठी लाकूड कोरलेले असते, म्हणून गिटार आडवी पडली तर मोडते ती येथे. चांगला कारागीर हा सांधा पक्का जोडतो आणि वाद्य पुढे वर्षानुवर्षे वाजते, परंतु विकताना किंमत बरीच उतरते.

लाकडाविषयी खूप लिहिले आणि बोलले जाते, त्यामानाने सांगण्यासारखे कमी आहे. मेपलच्या थरावर दिसणाऱ्या वाघाच्या पट्ट्यांसारख्या लाटा म्हणजे झाडातील तंतू वळणावळणाने वाढल्याची खूण. प्रकाश त्यांवर वेगवेगळ्या कोनांतून पडतो म्हणून पृष्ठभाग हलल्यासारखा भासतो. पीआरएस ज्या थरावर ही नक्षी सर्वत्र स्पष्ट असेल त्याला टेन-टॉप म्हणते आणि त्याचे वेगळे पैसे घेते. ही रक्कम डोळ्यांच्या समाधानासाठी आहे, नादासाठी नव्हे, हे समजून दिली तर त्यात काही वावगे नाही. सुंदर वाद्य हातात घ्यावेसे वाटते, आणि जे हातात घ्यावेसे वाटते ते अधिक वाजवले जाते. मात्र अंगाच्या लाकडामुळे अ‍ॅम्प्लिफायरमधून येणाऱ्या आवाजात किती फरक पडतो हा वादाचा विषय आहे, आणि पिकअप, त्याची जागा, तारेची लांबी व खुद्द अ‍ॅम्प्लिफायर यांचा परिणाम त्याहून निश्चितच मोठा आहे.

एका लाकडाचा संबंध मात्र थेट सह्याद्रीशी आहे. फ्रेट ज्या पट्टीवर बसतात त्या फिंगरबोर्डसाठी दोन्ही कंपन्या शिसव वापरतात, आणि भारतीय शिसव पश्चिम घाटाच्या जंगलांतील झाड आहे. २०११मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेले शिसव आणि आबनूस जप्त केले. वाद होता तो आलेल्या पट्ट्या भारतीय निर्यातकायद्याच्या दृष्टीने पुरेशा घडवलेल्या होत्या की नव्हत्या याचा. २०१२मध्ये झालेल्या तडजोडीत गिब्सनने, मुख्यतः मादागास्करच्या आबनुसाच्या वेगळ्या प्रकरणात, तीन लाख डॉलरचा दंड भरला आणि भारतीय लाकूड तिला परत मिळाले. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटिस करारानुसार २०१७पासून शिसवाच्या सर्व जातींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले. २०१९च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, त्यामुळे परदेशातून गिटार आणणाऱ्या किंवा दौऱ्यावर नेणाऱ्या वादकाला आता भारतीय शिसवाच्या फिंगरबोर्डसाठी कागदपत्रांची काळजी उरलेली नाही. तुटीचे लाकूड जपून वापरण्याची जबाबदारी मात्र तशीच आहे.

प्रत्यक्ष निवड करताना दोन्ही गिटारी आधी अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता, मग एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, बसून आणि पट्टा लावून उभे राहून वाजवाव्यात. लेस पॉल बहुधा चार किलोंच्या वर भरते, आणि त्याच नावाच्या दोन गिटारींच्या वजनातही अर्ध्या किलोचा फरक आढळतो. कस्टम २४ साधारणपणे तीन-साडेतीन किलोंची असते. तीन तास उभे राहून ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा आकडा कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे सांगतो. मानेची जाडीही तपासावी: लेस पॉल स्टँडर्ड फिफ्टीज आणि सिक्स्टीज अशा दोन प्रकारांत मिळते, पहिलीची मान गोल व भरदार, दुसरीची सपाट व सडपातळ, आणि हाताला न मानवणारी मान सवयीने मानवेल या आशेवर लाखो रुपये घालू नयेत. पहिली आणि एकमेव वरच्या प्रतीची गिटार घ्यायची असेल आणि काम अनेक तऱ्हांचे असेल, तर कस्टम २४ हीच अधिक योग्य ठरते. ज्याला स्वतःचा एक स्वर सापडलेला आहे आणि तो जाड, गोल, लांबवर टिकणारा आहे, त्याने वजन आणि सुरात राखण्याची कटकट पत्करून लेस पॉल घ्यावी.

जुनी गिटार घेताना नावे नीट वाचावीत, कारण एपिफोन ही गिब्सनची आणि एसई ही पीआरएसची, अमेरिकेबाहेर बनणारी स्वस्त मालिका आहे. त्या उत्तम गिटारी असतात, पण त्यांची किंमत वेगळी असते. बनावट गिब्सनही फिरतात, आणि डोक्यावर सळईचे तोंड झाकणारी छोटी पट्टी दोनऐवजी तीन स्क्रूंनी बसवलेली दिसली तर संशय घ्यावा. गिब्सनच्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशवर काही रबरी स्टँडचे कायमचे डाग पडतात, म्हणून स्टँडच्या टेकूवर सुती कापड गुंडाळणे इष्ट. या दोन्ही गिटारींना साधारण निम्म्या आर्द्रतेची हवा मानवते, तर मुंबई-कोकणातील पावसाळ्यात ती ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात फारच खाली येते. लाकूड फुगते-आकसते, मान पुढे-मागे वाकते, तारा फ्रेटांवर खरखरतात किंवा उंच होतात, आणि मानेतील सळई पाव-अर्धा फेरा फिरवून ते सुधारावे लागते. त्यामुळे गिटारीच्या किमतीतच कडक पेटी, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या, आणि वर्षातून दोनदा, पावसाळा सुरू झाल्यावर व संपल्यावर, जाणकार कारागिराकडून जुळणी करून घेण्याचा खर्च आधीच धरावा.